शिंपल्यांची कपाटं कुणी सांभाळायची?

जपानी मोतीवाले अकोया मोती काढतात ते हिवाळ्यात. पाणी थंड झालं की शिंपल्याची वाढ मंदावते, मोत्यावर बसणारे थर पातळ होतात आणि अशा मोत्याचं पाणी अधिक झळकतं. उन्हाळी थर जाड बसतात, त्यांना ती झळाळी येत नाही. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली आपला पहिला संवर्धित मोती काढून दाखवला, पुढे धंदा वाढला आणि हंगामाचं हे गणित त्यात पक्कं रुजलं. ते बाजारभावासाठी होतं. थराची जाडी तापमानावर ठरत असेल तर उलटं जाऊन जाडीवरून तापमानही काढता येईल, आणि शिंपला कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला असला तरी काढता येईल, असा विचार करायचं मोतीबाजाराला काही कारण नव्हतं.

तो विचार केला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञ पूपा गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचा निबंध २०१७ साली छापून आला. शिंपल्याच्या आतल्या बाजूला जो चकचकीत मोतिया थर असतो, तो अरॅगोनाइट या खनिजाच्या चपट्या वड्यांचा बनलेला असतो. वडीवर वडी, मध्ये सेंद्रिय पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा, पुन्हा वडी. विटांच्या भिंतीत मसाला असतो तसा. एक वडी साधारण अर्धा मायक्रॉन जाडीची. म्हणजे मिलिमीटरभर मोतिया थरात दोनेक हजार वड्या एकमेकींवर रचलेल्या असतात. शिंपल्याचा तुकडा कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि ठरावीक अंतरात किती थर बसले ते मोजायचं. ऊबदार पाण्यात वाढलेल्या शिंपल्यात वड्या जाड, थंड पाण्यात पातळ. गिल्बर्ट यांच्या गटाने पिनिडी कुळातले आजचे आणि जीवाश्म झालेले शिंपले असे तपासले. लांबट त्रिकोणी, टोक खाली करून समुद्रतळाच्या चिखलात रुतून उभे राहणारे हे शिंपले. जीवाश्मांपैकी सर्वांत जुने सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे होते.

मला या शोधाचं कौतुक आहेच, पण इथे मांडायचा मुद्दा वेगळा आहे. हे शिंपले कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी भलत्याच हेतूने गोळा केले आणि नंतर ते सांभाळले, म्हणून हा शोध लागू शकला. वाचणारं यंत्र शेवटी आलं. आपल्याकडे अशा वस्तू सांभाळणं हे कुणाचंच काम नाही, आणि ते सरकारी पैशातून चालणारं, कायद्याने बांधलेलं, कायमस्वरूपी काम असलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. हवामानबदलाच्या चर्चेत ते अगदी किरकोळ वाटेल याची मला कल्पना आहे.

शिंपल्यांवरून जुनं तापमान काढायची कल्पना मुळात नवी नाही. हॅरॉल्ड युरी या रसायनशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दाखवून दिलं की, कवचातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंचं, प्रमाण पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलतं. तापमान एक अंशाने बदललं तर हे प्रमाण हजारी जेमतेम ०.२ ने सरकतं. इतका सूक्ष्म फरक मोजणारं यंत्र शिकागोत युरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना हाताने घडवावं लागलं. १९५१ साली त्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका बेलेम्नाइटची, म्हणजे आजच्या माकुळाच्या दूरच्या नातेवाइकाची, कहाणी छापली. जुरासिक काळातला हा प्राणी. त्याच्या दगड झालेल्या कांडीच्या आडव्या कापात आतून बाहेर एकेक वलय खरवडत नेलं तेव्हा कळलं की, बालपणानंतर त्याने तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, लहानपणी तो म्हातारपणापेक्षा ऊबदार पाण्यात राहिला आणि चारेक वर्षांचा होऊन वसंत ऋतूत मेला. पंधरा कोटी वर्षांहून जुन्या एका जिवाचा मृत्यूचा ऋतू सांगणारी ही कैफियत मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थक्क होतो.

पण या पद्धतीला एक खोट आहे. समस्थानिकांचं प्रमाण तापमानावर ठरतं तसंच ते मुळात पाणी कसलं होतं यावरही ठरतं. ध्रुवांवर बर्फ किती साठलं होतं, समुद्रात नदीचं पाणी किती मिसळत होतं, हे ठाऊक नसेल तर उत्तर चुकतं. आपल्या कोकणाचंच बघा. जून ते सप्टेंबर खाड्यांमधून इतकं गोडं पाणी समुद्रात उतरतं की किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणाच बदलून जातो. खाडीतल्या तिसऱ्यांच्या कवचात पाऊस आणि तापमान दोन्ही एकाच आकड्यात मिसळून लिहिलेले असतात, आणि ते वेगळे करायला दुसरी, स्वतंत्र मोजपट्टी लागते. २००६ साली अमेरिकेत कॅल्टेकमध्ये प्रसेनजित घोष, जॉन आयलर आणि सहकाऱ्यांनी अशी एक मोजपट्टी मांडली. एकाच रेणूत दोन जड समस्थानिकं किती वेळा शेजारी येतात ते मोजलं की पाण्याचा हिशेब माहीत नसला तरी तापमान निघतं. घोष पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. मात्र कवच जमिनीत खोल गाडलं जाऊन तापलं असेल तर ही खूणही पुसट होते.

मोतिया थराच्या जाडीचं महत्त्व इथे आहे. ती भौतिक खूण आहे, रासायनिक नाही. आजूबाजूच्या पाण्याशी अणूंची देवाणघेवाण झाली तरी वड्यांची रचना शाबूत असेल तर जाडी तीच राहते. शिवाय अरॅगोनाइट हे तसं नाजूक खनिज. काळाच्या ओघात त्याचं कॅल्साइट हे दुसरं खनिज होऊन जातं आणि तसं झालं की वड्यांची नक्षीच मोडते. त्यामुळे नक्षी दिसतेय तोवर मजकूर मूळचा आहे, अशी पावती आपोआप मिळते.

याचा अर्थ प्रश्न सुटला, असा नाही. ही मोजणी पिनिडी कुळापुरती पडताळलेली आहे. उद्या कुणी गोदावरीतल्या नदीशिंपल्याची जाडी मोजून सातवाहनकाळचं तापमान जाहीर करू लागला तर त्याला आधी आजच्या नदीशिंपल्यांवर वर्षानुवर्षं काम करायला सांगावं लागेल. खाणं कमी पडलं, प्राणी आजारी असला, वय झालं, तरी थर बदलू शकतात. एका पद्धतीचं उत्तर दुसऱ्या पद्धतीशी ताडून पाहायचं, हाच या क्षेत्रातला शहाणपणा. आणि ताडून पाहायचं तर तोच शिंपला पुन्हा हातात यायला हवा.

हातात यायला हवा म्हणजे काय, ते नीट सांगतो. शिंपला नुसता असून भागत नाही. त्याच्यासोबत एक चिठ्ठी लागते: कुठे मिळाला, कधी मिळाला, किती खोल पाण्यात, जिवंत की मेलेला, जीवाश्म असेल तर कुठल्या थरात. चिठ्ठी असलेला शिंपला हे मापनाचं साधन होतं, आणि चिठ्ठी हरवली की तो दिवाणखान्यात ठेवायची वस्तू उरतो. आजच्या समुद्राचं तापमान आणि आजच्या शिंपल्याची जाडी यांची सांगड घातल्याशिवाय जुन्याचं वाचन सुरूच होत नाही, आणि ती सांगड चिठ्ठीतल्या दोन ओळींवर उभी असते. या दोन ओळी शाईने लिहिणाऱ्या, दर काही वर्षांनी कीड आणि ओल तपासणाऱ्या, पुडी फाटली तर बदलणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. संशोधन प्रकल्पांना पैसे मिळतात, ते तीन वर्षांचे असतात. कपाट शंभर वर्षांचं असतं.

वस्तू संपतेही. युरींच्या गटाने समस्थानिकांच्या मोजणीसाठी एक प्रमाण ठरवलं होतं, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या पीडी नावाच्या खडकातला एक बेलेम्नाइट. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापले आकडे त्याच्या तुलनेत मांडले. तो मूळ नमुना कधीच संपला. पूड होत होत वापरला गेला. आजही कार्बनच्या समस्थानिकांचे जगातले सगळे आकडे त्या नसलेल्या जीवाश्माच्या नावानेच सांगितले जातात, फक्त आता मोजणी व्हिएन्नात ठरलेल्या पर्यायी प्रमाणाशी सांधून केली जाते. शास्त्रज्ञांनी या गोष्टीकडे गंमत म्हणून न बघता धडा म्हणून बघायला हवं होतं. प्रत्येक नवं यंत्र थोडा नमुना खातं, तेव्हा नंतर येणाऱ्यासाठी किती शिल्लक ठेवायचं याचे नियम संग्रहालयाकडेच असले पाहिजेत, संशोधकाच्या उत्साहावर ते सोडता येत नाहीत.

जिवंत नमुन्यांची तरी खात्री आहे का? पिनिडी कुळातली एक भव्य जात पिना नोबिलिस, भूमध्य समुद्राबाहेर कुठेही न आढळणारी, मीटरभराहून लांब वाढणारी. तिच्या चिवट धाग्यांपासून इटलीत पूर्वी सोनेरी समुद्ररेशीम विणत. २०१६ सालच्या शरद ऋतूत स्पेनच्या किनाऱ्यावर हे शिंपले पटापट मरू लागले. एका सूक्ष्म परजीवीची साथ होती आणि पाणी ऊबदार झालं की ती जोर धरते, असं पुढे दिसलं. साथ जिथे पोचली तिथले जवळपास सगळे शिंपले गेले. २०१९ साली ही जात अतिधोक्यात असल्याचं जागतिक यादीत जाहीर झालं. थोडेफार उरले ते बहुतेक खाजणांमध्ये आणि नदीमुखांपाशी, जिथलं पाणी जास्त खारं किंवा कमी खारं असल्याने परजीवीचं फावत नाही. शिंपल्याच्या थरांवरून समुद्राचं तापमान वाचायची युक्ती छापून येत होती, त्याच सुमाराला त्या कुळातला सगळ्यात देखणा सदस्य भूमध्य समुद्रातून नाहीसा होत होता. आता १९५०च्या किंवा १९८०च्या भूमध्य समुद्राबद्दल या जातीला काही विचारायचं असेल तर युरोपातल्या संग्रहालयांचे खण उघडण्यावाचून मार्ग नाही. तिथे ते आहेत.

आपल्याकडे काय आहे? २६ एप्रिल २०१६च्या पहाटे दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय जळालं. देशाचं राष्ट्रीय संग्रहालय, १९७८ पासून चालू असलेलं, आणि ते होतं मंडी हाउसजवळ उद्योग महासंघाच्या इमारतीत भाड्याच्या मजल्यांवर. भुसा भरलेले प्राणी गेले, जीवाश्मांचं दालन गेलं. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर २०१८ला, ब्राझीलमध्ये रिओचं दोनशे वर्षांचं राष्ट्रीय संग्रहालय पेटलं. तिथे दोन कोटींच्या घरात वस्तू होत्या, त्यातला मोठा भाग गेला. ब्राझीलच्या आगीवर जगभर लिहिलं गेलं, तिथे लोक रस्त्यावर उतरले. आपल्या आगीची बातमी दोन-चार दिवसांत विरली. आगीपेक्षा मला ही विस्मृती जास्त खटकते.

अशा वेळी हमखास एक तोडगा सुचवला जातो: सगळ्याचे फोटो काढा, संगणकावर चढवा, मग मूळ वस्तूची एवढी काळजी कशाला. नोंदी संगणकावर यायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण १९७० साली एखाद्या शिंपल्याचा उत्तमातला उत्तम फोटो काढून मूळ शिंपला फेकून दिला असता तर आज त्याच्या थरांची जाडी मोजता आली असती का? फोटोत तेच येतं, जे फोटो काढणाऱ्याला महत्त्वाचं वाटतं. अर्धा मायक्रॉन जाडीच्या वड्या तेव्हा कुणाला हव्या होत्या!

छत्तीसगडमध्ये मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या काठावर साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. त्यातला युरिडेस्मा हा जाडजूड शिंपला थंड पाण्यातला म्हणून ओळखला जातो. गोंडवन या प्राचीन महाखंडावरचं हिमयुग ओसरत होतं, बर्फ वितळत होतं, आणि आजच्या मध्य भारतात समुद्राचं गार पाणी आत शिरलं होतं, याची ही साक्ष. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. नशीब म्हणायचं. हा दर्जा मिळालेल्या जागा देशभरात मोजक्याच आहेत, आणि बाकीच्या बहुतेक जागा खाणीच्या, रस्त्याच्या किंवा शेतीच्या मर्जीवर आहेत.

महाराष्ट्राचंही घ्या. नागपुरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे, ते धर्मप्रसाराच्या कामातून वेळ काढून टाकळीच्या आसपासचे दगड फोडत हिंडायचे. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळातले गोड्या पाण्यातले शंख-शिंपले त्यांनी गोळा केले आणि त्यांवरचा त्यांचा निबंध १८६० साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात आला. ज्वालामुखी अधूनमधून शांत व्हायचे तेव्हा या भागात तळी साचत, त्यांत गोगलगायी नांदत, हे आपल्याला त्यांच्यामुळे आणि त्यांच्यामागून आलेल्यांमुळे ठाऊक झालं. यातल्या बऱ्याच कवचांमध्ये मूळचं खनिज उरलेलं नाही, त्या जागी गारगोटीचं खनिज भरलं आहे. त्यामुळे तापमानाच्या कामाला ती फारशी येणार नाहीत, हे मान्य करायलाच हवं. पण म्हणूनच जिथे मूळ खनिज टिकलं असेल असा एखादा थर सापडला तर तो किती दुर्मीळ, हेही कळतं. टाकळी आज नागपूर शहरात आहे. शहर वाढलं, त्याबद्दल तक्रार नाही. पाया खोदताना निघालेला दगड कुणी पाहिला का, एवढंच विचारायचं आहे.

भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवला होता. अनेक जीवाश्मतज्ज्ञांनी त्याचं स्वागत करतानाच एक रास्त आक्षेप घेतला: सगळे अधिकार एकट्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे एकवटले तर विद्यापीठातल्या संशोधकाला साधा नमुना घ्यायलाही परवानग्यांच्या फेऱ्या माराव्या लागतील, तेव्हा संशोधकांचा सहभाग असलेलं स्वतंत्र मंडळ नेमा. आक्षेपात तथ्य आहे. मात्र मसुद्याचा कायदा झालेला नाही, आणि रिकाम्या जागेपेक्षा सदोष कायदा परवडला असं माझं मत आहे. सदोष कायद्यात दुरुस्ती करता येते. जेसीबीने उचललेला थर परत बसवता येत नाही. आजची अवस्था अशी की, काही जिवंत शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पण तोच प्राणी हजारो वर्षांपूर्वी मेलेला असेल तर तो चुनाभट्टीचा माल. केरळातल्या वेंबनाड सरोवराच्या तळातून जुने पांढरे शिंपले काढून त्यांचं सिमेंट होत आलेलं आहे. चुन्यावर आणि शिंपल्यांवर पोट भरणाऱ्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. हजार टनांतले चार पोती, खोलीच्या नोंदीसह, बाजूला काढून ठेवायला कुणी सांगितलंच नाही, तर ते का ठेवतील?

आणखी एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. उन्हाळे आताच असह्य झालेत, पाऊस लहरी झालाय, शेतकऱ्याला उद्याचा अंदाज हवाय, आणि तुम्ही वीस कोटी वर्षांपूर्वीच्या शिंपल्यांचं काय घेऊन बसलात? याला माझं उत्तर असं की, उद्याचा अंदाज ज्या संगणकी प्रारूपांतून येतो ती कालच्यावर तपासली जातात, आणि आपल्याकडे यंत्राने मोजलेला काल फार तोकडा आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची. कुलाब्याच्या वेधशाळेच्या नोंदी त्याआधीच्या, तरी दोनशे वर्षांच्या आतल्याच. समुद्राच्या तापमानाच्या जुन्या नोंदी म्हणजे जहाजावरून बादली सोडून घेतलेलं पाणी, तेही जहाजांच्या वाटेवरच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल यांनी दाखवलं की, १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंद महासागराचं उन्हाळी पृष्ठतापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं. हा वेग पूर्वी कधी होता का? इतकी ऊब असताना मोसमी पाऊस कसा वागत होता? बादलीच्या नोंदी याचं उत्तर देऊ शकत नाहीत. प्रवाळ, गुहांमधले चुन्याचे लवणस्तंभ, समुद्रतळाचा गाळ आणि शिंपले, एवढेच साक्षीदार आहेत.

‘हवामान तर नेहमीच बदलत आलंय’ म्हणून हात झटकणाऱ्यांच्या हातीही हेच पुरावे पडतात, हे खरं. जुने समुद्र आजच्याहून ऊबदार होते, मग आता कसली चिंता, असं ते म्हणतात. तेव्हा त्या समुद्रांकाठी मुंबई नव्हती, हे एक उत्तर झालं. दुसरं म्हणजे, किती वर्षांत किती अंश, हा वेगाचा हिशेबही त्याच पुराव्यांमधून येतो, आणि त्यांना तो अर्धवट सांगता येऊ नये म्हणून पुरावा सार्वजनिक ताब्यात असायला हवा.

जाता जाता एक गोष्ट, अगदीच माझ्या मनातली. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, दुधी, चौकोनी तुकडे बसवलेले असतात. प्लॅकुना नावाचा हा शिंपला मोतिया थराचा नाही, त्याच्या पापुद्र्यांची घडण वेगळी आणि खनिजही कॅल्साइट, त्यामुळे गिल्बर्ट यांची मोजणी इथे लागू नाही. समस्थानिकांची मात्र लागू व्हावी. घर कधी बांधलं हे कागदपत्रांवरून बऱ्याचदा कळतं. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या समुद्राचे नमुने, साधारण तारखेसकट, भिंतीत बसवलेले आहेत. शिंपला नेमका कुठल्या खाडीतला हे शोधणं अवघड जाईल, दुरुस्तीत नंतर बसवलेले तुकडेही त्यात असतील. तरी घर पाडताना त्या खिडक्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जातात किंवा सरळ कचऱ्यात, त्याआधी प्रत्येक घरातले दहा-वीस तुकडे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पत्ता लिहून ठेवून घ्यायला काय हरकत आहे?

शेवटी चालू घडामोडीतलं एक काम. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये, समुद्रात भराव घालून तयार करायची जमीन १,४४८ हेक्टर. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि माझ्या मते त्यांचे प्रश्न अजून नीट ऐकले गेलेले नाहीत, पण तो या लेखाचा विषय नाही. बंदर झालं तर समुद्रतळ मोठ्या प्रमाणावर उपसला आणि गाडला जाणार. त्याआधी ठरावीक अंतरावर तळातून गाळाचे उभे नमुने काढावेत, त्यातले शिंपले थरानुसार वेगळे करावेत, जिवंत शिंपल्यांच्या सगळ्या जातींचे नमुने पाण्याच्या तापमानाच्या आणि खारेपणाच्या नोंदींसह घ्यावेत. ठेवायला जागा शोधावी लागणार नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. दोन्हीकडे कपाटं वाढवावी लागतील, माणसं नेमावी लागतील, आणि ती कंत्राटी नकोत. खर्चाचा दहा हजारावा हिस्सा म्हणजे साडेसात कोटींच्या वर होतो. त्याची ठेव ठेवली तर नुसत्या व्याजात चार-पाच माणसांचे पगार कायमचे निघतील. पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये खारफुटीची रोपं लावण्याची अट सर्रास असते. ही अट त्याच यादीत घालता येईल, आणि पुढे किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या कामाला लावता येईल. वाढवणपुरतं बोलायचं तर हे काम गाळ उपसणारा ड्रेजर पाण्यात उतरण्याआधी व्हायला हवं.